स्पर्शिकेचं समीकरण: आधी बिंदू, मग डेरिव्हेटिव्ह

शिरपूरहून बारावी सायन्सच्या एका मुलीनं विचारलंय: "सर, दहावीपर्यंत माझं मराठी माध्यम होतं. डेरिव्हेटिव्ह मला काढता येतो, सहसा चुकत नाही. पण स्पर्शिकेचं समीकरण विचारलं की डीवाय बाय डीएक्स काढल्यावर हात थांबतो. आणि काही गणितांत पुस्तकाच्या उत्तरात दोन स्पर्शिका असतात, माझी एकच येते. असं का?"

धुळे-जळगावकडच्या वर्गांत हाच प्रश्न अहिराणीतून येतो, "सर, डेरिव्हेटिव्ह काढता येस, पन पुढे काय करानं?" दरवर्षी येतो. म्हणून उत्तर जरा ऐसपैस देतो. लिहायला सोपं जावं म्हणून पुस्तकातल्या एक्सला क्ष आणि वायला य म्हणतो, फंक्शनला फ(क्ष) आणि त्याच्या डेरिव्हेटिव्हला, म्हणजे डीवाय बाय डीएक्सला, फ′(क्ष).

स्पर्शिका ही शेवटी एक सरळ रेषा आहे. अकरावीच्या सरळ रेषेच्या प्रकरणात तू शिकलीस की रेषा पक्की करायला दोन गोष्टी लागतात: तिच्यावरचा एक बिंदू आणि तिचा चढ. मग य − य₁ = म(क्ष − क्ष₁) लिहिलं की झालं. यातला म, म्हणजे चढ, तेवढा डेरिव्हेटिव्ह देतो. बिंदू डेरिव्हेटिव्ह देत नाही, तो तुला वेगळा मिळवावा लागतो. मुलं डेरिव्हेटिव्ह काढतात आणि थांबतात, कारण सगळं गणित डेरिव्हेटिव्हमध्येच आहे असं त्यांना वाटत असतं. पेपर तपासताना या प्रकरणातल्या ज्या चुका मला दिसतात, त्यांतल्या बहुतेक बिंदूच्या असतात. डेरिव्हेटिव्ह बहुधा बरोबर असतो.

एकच वक्र घेऊ आणि शक्यतो तोच ठेवू: य = क्ष³ − ३क्ष + १. क्ष = २ असताना या वक्राला स्पर्शिका काढायची आहे.

बिंदू आधी. क्ष = २ टाक: ८ − ६ + १ = ३. बिंदू (२, ३). प्रश्नात फक्त क्ष दिला असेल तर य काढायला मूळ समीकरण वापरायचं, डेरिव्हेटिव्ह नाही. हे वाचताना उघड वाटतं, पण घाईत कितीतरी जण फ′(२) काढतात आणि तीच संख्या य म्हणून लिहून मोकळे होतात.

आता चढ. फ′(क्ष) = ३क्ष² − ३, आणि क्ष = २ ला फ′(२) = १२ − ३ = ९. रेषा: य − ३ = ९(क्ष − २), म्हणजे य = ९क्ष − १५.

इथे सगळ्यात जास्त मार्क खाणारी चूक होते. काही मुलं थेट य − ३ = (३क्ष² − ३)(क्ष − २) असं लिहितात. गुणाकार करून बघ, क्ष³ येतो. क्ष³ असलेलं समीकरण सरळ रेषेचं असूच शकत नाही. ३क्ष² − ३ हे वक्रावरच्या प्रत्येक ठिकाणच्या चढाचं एक सामायिक सूत्र आहे, तुला मात्र एकाच ठिकाणचा चढ हवा आहे. रेषेच्या समीकरणात जाण्याआधी फ′ ची संख्या झालेली असली पाहिजे. उत्तरात क्ष आणि य यांचा घात १ पेक्षा जास्त दिसला, किंवा त्यांचा गुणाकार दिसला, की तिथेच थांबून मागे जायचं.

पण मुळात डेरिव्हेटिव्ह म्हणजे स्पर्शिकेचा चढ, हे कशावरून? सूत्र पाठ करण्यापेक्षा हे एकदा हातानं करून बघ. वक्रावर (२, ३) च्या शेजारी दुसरा बिंदू घे, क्ष = २ + ह या ठिकाणी. तिथला य काढला तर ३ + ९ह + ६ह² + ह³ येतो. हे दोन बिंदू जोडणारी रेषा म्हणजे छेदिका. तिचा चढ: य मधला फरक भागिले क्ष मधला फरक, म्हणजे (९ह + ६ह² + ह³) भागिले ह. उरलं ९ + ६ह + ह². आता ह = ०.१ घेतलास तर चढ ९.६१. ह = ०.०१ घेतलास तर ९.०६०१. डाव्या बाजूनं आलीस, ह = −०.१, तर ८.४१. दोन्हीकडून चढ ९ कडे सरकतोय. सुरुवातीलाच ह = ० टाकलं असतं तर शून्य भागिले शून्य, हातात काही नाही. म्हणून आधी ह नं भागायचं आणि मग ह ला शून्याकडे न्यायचं. छेदिका सरकत सरकत ज्या रेषेवर येऊन ठेपते ती स्पर्शिका, आणि तिचा चढ ९.

दहावीत स्पर्शिका शिकलीस ती वर्तुळाची: वर्तुळाला एकाच बिंदूत छेदणारी रेषा. वर्तुळापुरती ती व्याख्या चोख आहे. बारावीत ती डोक्यातून काढून टाकावी लागते, आणि पुस्तक हे स्पष्टपणे सांगत नाही, ही माझी तक्रार आहे. आपलीच रेषा बघ. य = ९क्ष − १५ ही वक्राला आणखी कुठे भेटते का? दोन्ही य सारखे ठेव: क्ष³ − ३क्ष + १ = ९क्ष − १५, म्हणजे क्ष³ − १२क्ष + १६ = ०. अवयव पाडले तर (क्ष − २)²(क्ष + ४) = ०. म्हणजे ती (−४, −५१) या बिंदूत वक्राला पुन्हा भेटते, नुसती भेटत नाही, आरपार जाते. तरीही (२, ३) पाशी ती स्पर्शिकाच आहे.

चाळीसगावहून कन्नड घाट रात्री चढली असशील तर हे चित्र डोळ्यांपुढे येईल. वळणावर गाडीच्या हेडलाइटचा झोत रस्त्याबरोबर वळत नाही. गाडीचं तोंड त्या क्षणी जिकडे, तिकडे सरळ जातो. कधी तो दरीत जातो, कधी समोरच्या कड्यावर, आणि नागमोडी भागात कधी याच रस्त्याच्या पुढच्या वळणावर पडतो. पुढच्या वळणावर पडला म्हणून गाडीची आत्ताची दिशा चुकली असं कोणी म्हणत नाही. स्पर्शिका ठरते ती त्या एका ठिकाणच्या दिशेवर. पुढे ती रेषा कशाकशाला धडकते याचा तिच्याशी संबंध नाही.

वरच्या अवयवांत (क्ष − २)² असा वर्ग आला, तो योगायोग नव्हे. रेषा ज्या बिंदूपाशी स्पर्शिका असते, त्या बिंदूचा अवयव निदान दोनदा येतोच. मागच्या छेदिकेत (२, ३) आणि त्याच्या शेजारचा असे दोन वेगळे छेदनबिंदू होते. शेजारचा सरकत येऊन पहिल्यात मिसळला, म्हणून अवयव दोनदा. असली बहुपदीची गणितं तपासायला याच्याइतका भरवशाचा उपाय माझ्या माहितीत नाही. आलेली रेषा वक्राच्या समीकरणात घाल, अवयव पाड, आणि वर्ग दिसतो का बघ. दिसला नाही तर चढ किंवा बिंदू चुकलाय. बोर्डाच्या पेपरात वेळ उरला तर एवढं करून बघावं.

आता तुझा दुसरा प्रश्न, दोन स्पर्शिकांचा. हा जास्त मोलाचा आहे आणि यावर मी मुद्दाम रेंगाळणार आहे.

प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. तिच्यात कधी "ॲट द पॉइंट" असतं, कधी "पासिंग थ्रू द पॉइंट". घाईत दोन्ही सारखेच वाचले जातात, गणितं मात्र वेगळी आहेत. पहिल्यात दिलेला बिंदू हाच स्पर्शबिंदू. दुसऱ्यात स्पर्शिका त्या बिंदूतून जाते एवढंच सांगितलंय; ती वक्राला कुठे स्पर्श करते ते तुला शोधायचंय.

आपलाच (२, ३) घे आणि प्रश्न बदल: (२, ३) मधून जाणाऱ्या सगळ्या स्पर्शिका काढा. स्पर्शबिंदू माहीत नाही, म्हणून त्याचा क्ष हा अ मानू. मग त्याचा य = अ³ − ३अ + १ आणि तिथला चढ ३अ² − ३. ही स्पर्शिका (२, ३) मधून जायची, तर

३ − (अ³ − ३अ + १) = (३अ² − ३)(२ − अ)

हे सोडवलं की अ³ − ३अ² + ४ = ०, म्हणजे (अ − २)²(अ + १) = ०. अ = २ ही आपली जुनी रेषा. आणि अ = −१! तिथे य = −१ + ३ + १ = ३, चढ ३ − ३ = ०. म्हणजे य = ३ ही आडवी रेषा (−१, ३) पाशी वक्राला स्पर्श करते आणि पुढे जाऊन (२, ३) मधून वक्र छेदते. बिंदू वक्रावर असूनही त्यातून दोन स्पर्शिका जातात. एक तिथेच स्पर्श करणारी, दुसरी लांबून येणारी. तुझी एकच येत होती याचं कारण बहुधा हेच: प्रश्न "थ्रू" चा होता आणि तू तो "ॲट" चा समजून सोडवलास.

बिंदू वक्रावर नसेल तर चूक आणखी महागात पडते. य = क्ष² या वक्राला (१, −३) मधून स्पर्शिका काढा, असा प्रश्न समज. पहिलं काम: बिंदू वक्रावर आहे का? १² = १, −३ नाही. म्हणजे बिंदू बाहेरचा. क्ष = १ डेरिव्हेटिव्हमध्ये टाकून चढ २ काढणारे आणि य + ३ = २(क्ष − १) लिहून देणारे दर वर्गात निघतात. ती रेषा वक्राला स्पर्श करतच नाही. बरोबर रीत वरचीच: स्पर्शबिंदू (अ, अ²), चढ २अ, रेषा य = २अक्ष − अ². तिच्यात (१, −३) घातला की अ² − २अ − ३ = ०, म्हणून अ = ३ किंवा −१. रेषा दोन: य = ६क्ष − ९ आणि य = −२क्ष − १. दोन्हींत (१, −३) घालून बघ, बसतो. आणि बिंदू वक्राच्या पोटात असेल, उदाहरणार्थ (०, १), तर १ = −अ² येतं. वास्तव उत्तर नाही, स्पर्शिका नाही. "नाही" हेही उत्तर असतं.

म्हणून माझ्या वर्गात नियम आहे: दिलेला बिंदू वक्राच्या समीकरणात घालून बघितल्याशिवाय डेरिव्हेटिव्ह काढायचा नाही. अर्धी ओळ लागते.

समांतर आणि लंब रेषांची गणितं याहून सोपी आहेत, कारण तिथे चढ हातात असतो आणि बिंदू शोधायचा असतो. आपल्या वक्राच्या, य = ९क्ष ला समांतर असणाऱ्या स्पर्शिका काढायच्या तर ३क्ष² − ३ = ९, क्ष = २ किंवा −२. वर्गमूळ काढताना उणे चिन्ह सोडलंस तर अर्धं उत्तर गेलं. क्ष = −२ ला य = −१, रेषा य = ९क्ष + १७. नॉर्मल, म्हणजे स्पर्शबिंदूतून जाणारी आणि स्पर्शिकेला लंब असणारी रेषा, विचारली तर चढ उलटा करून चिन्ह बदलायचं; (२, ३) पाशी −१/९, बिंदू तोच: क्ष + ९य = २९. फक्त स्पर्शिका आडवी असेल तिथे हे सूत्र चालत नाही, शून्यानं भागता येत नाही; (१, −१) पाशी स्पर्शिका य = −१ आणि नॉर्मल क्ष = १, सरळ उभी रेषा.

वर्तुळासारख्या समीकरणात य एकटा करून घ्यायची गरज नाही. क्ष² + य² = २५ वर (३, ४) हा बिंदू. दोन्ही बाजूंचं डिफरन्सिएशन कर: २क्ष + २य गुणिले डीवाय बाय डीएक्स = ०, म्हणून चढ −क्ष/य = −३/४. रेषा ३क्ष + ४य = २५. आता दहावीचं स्पर्शिका-त्रिज्या प्रमेय आठव. त्रिज्येचा चढ ४/३, स्पर्शिकेचा −३/४, गुणाकार −१, म्हणजे लंब. कॅल्क्युलस आणि भूमिती एकाच जागी येऊन भेटल्या. याच वर्तुळावर (५, ०) घेतलास तर छेदात शून्य येतं. त्यावरून "स्पर्शिका नाही" असं लिहू नकोस. स्पर्शिका आहे, ती उभी आहे: क्ष = ५. खरोखरच स्पर्शिका नसते ती य = |क्ष| ला शून्यापाशी; डावीकडून चढ −१, उजवीकडून +१, दोघांचं जुळतच नाही.

पॅरामेट्रिकमध्ये क्ष आणि य दोन्ही तिसऱ्याच एका चलात देतात, जसं क्ष = ट², य = २ट. दोन डेरिव्हेटिव्हचा भागाकार, चढ १/ट. ट = ३ ला बिंदू (९, ६), रेषा क्ष − ३य + ९ = ०. इथेही ट ची किंमत आधी टाकून बिंदू काढायचा. वेगळं काही नाही.

स्पर्शिका काढून उपयोग काय, असं पुढच्या बाकावरून कोणीतरी विचारतंच. त्याच प्रकरणात पुढे अंदाजी किमतींची गणितं आहेत, ती म्हणजे हीच स्पर्शिका. क्ष = २.०१ ला आपल्या वक्राचा य किती? घन करत बसण्यापेक्षा रेषेत टाक: ९ × २.०१ − १५ = ३.०९. खरी किंमत ३.०९०६०१. बिंदूच्या जवळपास वक्राऐवजी रेषा वापरली तरी फरक इतका बारीक असतो. दूर गेलीस की मात्र बिघडतं; क्ष = ३ ला रेषा १२ सांगते आणि वक्र १९ वर असतो.

खान्देशातल्या पोरांना एक गोष्ट मी आवर्जून सांगतो. चाळीसगावजवळ पाटणादेवीला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची ती नोंद. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, 'सिद्धान्तशिरोमणी' ११५० चा. त्यात ते ग्रहाची दिवसभराची सरासरी गती आणि त्या क्षणाची तात्कालिक गती वेगळी धरतात. चंद्राची गती क्षणाक्षणाला बदलते, तिथे दिवसाच्या सरासरीवर भागत नाही म्हणून. सरासरी गती म्हणजे छेदिकेचा चढ, तात्कालिक गती म्हणजे स्पर्शिकेचा चढ, असं आज आपण म्हणू शकतो. लगेच "कॅल्क्युलस आपल्याकडेच लागला" म्हणून छाती फुगवू नये. वक्राला समीकरण देऊन स्पर्शिका काढायची रीत सतराव्या शतकातली आहे, फर्मा आणि देकार्त यांची, आणि डेरिव्हेटिव्हचे सर्वसाधारण नियम लायब्निझनं १६८४ मध्ये छापले. पण एका क्षणाची गती हा विचार चांगदेवाच्या मठात शिकवल्या जाणाऱ्या ग्रंथात होता, आणि तुमची सहल पाटणादेवीला जाते तेव्हा धबधब्याबरोबर तो शिलालेखही बघायला हरकत नाही.

सीईटीबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. गणिताच्या पेपरात ९० मिनिटांत ५० प्रश्न असतात, एवढं सगळं मांडायला वेळ नसतो. "ॲट" चा प्रश्न असेल तर दिलेला बिंदू चारही पर्यायांत घालून बघ. जी रेषा त्या बिंदूतून जातच नाही ती बाद. पुष्कळदा यातच दोन पर्याय उडतात, मग फक्त चढ बघायचा. पर्याय क्ष + ९य = २९ अशा रूपात असतील तर क्ष चा सहगुणक भागिले य चा सहगुणक, चिन्ह बदलून, हा चढ. नॉर्मलचं समीकरण पर्यायांत मुद्दाम पेरलेलं असतं, बिंदूची परीक्षा तेही पास होतं. म्हणून चढ बघायचाच.

आता तुझ्यासाठी एक गणित. आपल्या य = क्ष³ − ३क्ष + १ या वक्राला (०, १) मधून जाणाऱ्या स्पर्शिका काढ. आधी बिंदू वक्रावर आहे का ते बघ, मग अ मानून सोडव. अ³ = ० आलं पाहिजे, म्हणजे इथे एकच स्पर्शिका: य = १ − ३क्ष. ती वक्राच्या समीकरणात घाल, क्ष³ = ० मिळेल. इथे अवयव तीनदा आलाय. आलेख काढून बघ, ही स्पर्शिका स्पर्शबिंदूपाशीच वक्राच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते. अवयव दोनदा आला तर तिथे रेषा वक्राच्या एकाच बाजूला राहते, तीनदा आला तर ओलांडते. असं का, ते (क्ष − २)² आणि क्ष³ यांची चिन्हं बिंदूच्या अलीकडे-पलीकडे तपासून तूच शोध, आणि अडलीस तर वही घेऊन कॉलेजातल्या सरांना किंवा मॅडमना विचार.